जगाची पाटीलकी ढिली होतेय, ती चोपड्याच्या जिनिंगमधून कशी दिसते

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी.

दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचं काम) सुरू झालं की ऑफिसातली जुनी कागदपत्रं आवरायचं काम माझ्याकडे येतं. परवा एक करारपत्र हाती लागलं, आमच्या गाठी चितगावला गेल्या होत्या तेव्हाचं. कापूस चोपडा-यावल भागातला, घेणारा बांगलादेशी सूतगिरणीवाला, भाव मात्र पाउंडाला अमुक सेंट असा अमेरिकी पैशात. आणि शेवटच्या पानावर बारीक टायपात लिहिलेलं, की वाद निघाला तर लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांनी लवाद होईल.

बावीस वर्षं मी या पेढीवर मुनीमकी करतो. हे कलम कितीदा तरी नजरेखालून गेलं असेल. परवा मात्र त्यावर बोट ठेवून बसून राहिलो. इंग्लंडात कापसाचं शेत नाही. लँकेशायरच्या गिरण्या आमच्या वडिलांच्या तरुणपणीच बंद पडत चालल्या होत्या. सुएझच्या पूर्वेकडची फौज माघारी बोलवायचं त्यांनी १९६८ ला जाहीर केलं. तरी १८४१ साली लिव्हरपूलच्या कापूस दलालांनी सुरू केलेली ती संस्था आजही उभी आहे, आणि चोपड्याचा माणूस चितगावच्या माणसाशी भांडला तर पंचायत तिथल्या नियमांनी बसते. राज्य गेलं, चावडी राहिली.

हा धागा काढायचं कारण अमेरिका. २०२५ च्या २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर तिकडे ५० टक्के शुल्क लागलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतो म्हणून. इकडे आपल्या सरकारनं १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी आपली वेचणी घरात येते तो काळ. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला आणि आमच्याकडे खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेताना, व्यापारी सात हजाराच्या आतबाहेर मागतो. ओट्यावर बसलेली माणसं एकाच दमात दोन गोष्टी बोलतात: अमेरिका आता संपली, आणि अमेरिकेनं आपल्याला संपवलं. दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील?

मला जे वाटतं ते मांडतो. आपल्याकडे जुन्या काळी पाटीलकी होती. पाटलाला मान होता, पोळ्याला पहिला बैल त्याचा. पण रात्रीची गस्त नीट चालते की नाही हे बघणं, सारा गोळा करणं, परगावचा माणूस आला तर त्याची सोय लावणं, दोन भावांचा बांध तोडून देणं हा भारही त्याच्यावरच होता. पाटलाचं घर बसलं, की गावात दुसरा पाटील लगेच उभा राहतो असं नाही. पुष्कळदा मानासाठी चार जण पुढे येतात आणि गस्तीला कुणीच जात नाही. जगात आज तेच चाललं आहे असं मला वाटतं. मोठ्याची जागा रिकामी होत नाही, तिच्या वाटण्या होतात. कुठली वाटणी कुणाकडे गेली हे आपण शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी नीट पाहायला हवं. नाहीतर उद्याच्या करारातली बारीक टायपातली कलमं पुन्हा दुसराच कुणी लिहील.

तुमच्याकडे हे कसं दिसतं, ते लिहा.

अमळनेरकर

तापीकाठ भाऊ, धागा काढलात हे फार बरं केलं. मी शाळेत इतिहास शिकवत असे, आता निवृत्त आहे. थोडं मागून सुरू करतो.

जळगावची पेठ मोठी झाली त्यात अमेरिकेच्या लढाईचा मोठा हात आहे. १८६१ ला तिकडे यादवी पेटली, उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्याआधी इंग्लंडचा बहुतेक कापूस अमेरिकेतूनच जायचा. मग त्यांची नजर खान्देश-वऱ्हाडाकडे वळली. त्याच सुमारास रेल्वे भुसावळला येऊन पोचली होती. भाव असे चढले की मुंबईत शेअरचा सट्टा पेटला. १८६५ ला लढाई संपली आणि सगळं एका हंगामात कोसळलं. तेव्हाच्या सरकारी गॅझेटियरमध्येही नोंद आहे, की युद्धाच्या वर्षांत जळगाव कापसाची मोठी पेठ होती आणि युद्ध संपताच भाव पडून तिला फटका बसला. चढत्या भावावर काढलेली कर्जं मात्र दख्खनभर मागे राहिली. १८७५ ला पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

हे सांगायचं कारण असं, की मोठ्यांच्या घरातलं भांडण आपल्या शेतात पिकतं, हे आपल्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

आता पाटीलकीचं. इंग्लंडकडून अमेरिकेकडे ती गेली कधी? उत्पादनात अमेरिका १९०० च्या आधीच पुढे निघून गेली होती. तरी पैसा पाउंडच राहिला, समुद्रावर आरमार इंग्लंडचंच राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडला भार उचलवेना आणि अमेरिकेची तो उचलायची तयारी नव्हती. १९३० मध्ये अमेरिकेनं शेकडो वस्तूंवर आयातशुल्क वाढवलं, बाकीच्यांनी उलटं लावलं, जगाचा व्यापार आटला. ती मंदी इतकी खोल गेली त्याचं एक मोठं कारण हेच, की संकटात बाजार उघडा ठेवणारा आणि उसने पैसे देणारा कुणी उरला नव्हता. १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जगाच्या पैशाची घडी बसवली, तिच्यात डॉलर मध्यभागी बसला. आणि इंग्लंडला स्वतःला ते कळलं १९५६ ला. इजिप्तच्या नासरनं सुएझ कालवा ताब्यात घेतला, इंग्लंड-फ्रान्सनं फौजा उतरवल्या, पाउंड घसरायला लागला. अमेरिकेनं सांगितलं, मागे फिरा, नाहीतर नाणेनिधीचं कर्ज मिळणार नाही. काही दिवसांत तोफा थांबल्या, वर्ष संपेपर्यंत फौज परत.

म्हणजे ताकद सरकल्यापासून ती मान्य व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली. मधली वर्षं सगळ्यात वाईट होती, दोन महायुद्धं त्यातच झाली. आज आपण त्या मधल्या वर्षांत आहोत का, याची मला मनापासून काळजी वाटते. माझी नातवंडं त्याच वर्षांत मोठी होणार आहेत.

गिरणाकाठ (पाचोरा)

सर, तुमचा मान ठेवून बोलतो. सहा एकर कापूस आहे माझा. हमीभावासाठी सरकारी ॲपवर नोंदणी केली, खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन गेलो, ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून परत पाठवलं. ऑक्टोबरात पाऊस झाला तर कापूस कोरडा कुठून आणायचा? घरी ताडपत्रीवर पसरवून वाळवतोय, सकाळी दव, दुपारी ऊन. आई आणि बायको दिवसभर उलथापालथ करतात. मजुरी धरली तर सात हजारात काहीच उरत नाही.

मला सांगा, अमेरिका मोठी राहिली काय आणि चीन मोठा झाला काय, माझ्या ताडपत्रीवर काय फरक पडतो? अमेरिका जोरात होती तेव्हाही त्यांच्या शेतकऱ्याला सबसिडी होती आणि भाव आमचा पडायचा.

तापीकाठ (चोपडा)

गिरणाकाठ भाऊ, तुमचा राग खरा आहे. बारा टक्क्यांच्या काट्यानं आमच्या फाटकातूनही रोज गाड्या परत जाताना बघतो आणि वाईट वाटतं.

पण तुमच्याच शेवटच्या वाक्यात फरक दडलाय. अमेरिकेच्या त्या कापूस सबसिडीविरुद्ध २००२ साली ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला. एकटा, कागदपत्रं घेऊन, आकडे मांडून. खटला जिंकला. अमेरिकेनं अपील केलं, तेही ब्राझील जिंकला. शेवटी २०१४ ला तडजोड झाली आणि अमेरिकेनं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला ३० कोटी डॉलर दिले. त्याआधीही काही वर्षं ती पैसे देत होती. ब्राझीलनं जमीन, यंत्रं, वाण, गाठीचा दर्जा यांवर मेहनत घेतली आणि २०२३-२४ च्या हंगामात कापूस निर्यातीत पहिल्यांदा अमेरिकेला मागे टाकलं. २०२५ च्या त्या शुल्कमाफीत न्हावा शेव्याला उतरलेल्या गाठींत ब्राझीलच्या गाठी होत्या. आमच्याकडच्या सूतगिरणीवाल्यानं एक गाठ फोडून दाखवली होती. रुई हातात घेतली तर कवडी (किडका कापूस) नाही, पानाचा चुरा नाही, केस नाही, पोत्याचा धागा नाही. आपल्या गाठीत हे सगळं सापडतं, कारण आपण वेचतो हातानं पण भरतो खताच्या रिकाम्या गोण्यांत.

तेव्हा फरक इथे पडला. पाटील जोरात असताना त्याच्याच चावडीत, त्याच्याच नियमावर बोट ठेवून ब्राझीलनं त्याला दंड भरायला लावला. आज त्या संघटनेचं अपील मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून बंद पडलंय, कारण अमेरिका नवे न्यायाधीश नेमू देत नाही. उद्या आपल्याला असा खटला लढायचा झाला तर जायचं कुठे? चावडी बंद असली की मोठा मोकळा सुटतो आणि लहानाच्या हातात कागद नुसता फडफडतो. तुमच्या ताडपत्रीशी याचा संबंध आहे भाऊ, थेट आहे.

केळीपट्टा (रावेर)

भो, तुम्ही कापसाचं लिहिलं, मी केळीचं सांगतो. माझी साडेचार हजार खोडं आहेत आणि चुलतभावाचं पॅकहाऊस आहे.

२०२५ च्या जून-जुलैत विद्राव्य खतं मिळेनात. १२:६१, १३:००:४५, ज्यावर आमचं सगळं ठिबक चालतं. दुकानदार म्हणे, चीननं माल थांबवला. मला आधी पटलं नाही. मग कळलं की या प्रकारच्या खतांचा देशातला बहुतेक माल चीनमधूनच येतो. ऑगस्टात त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले, खतं आणि दुर्मिळ खनिजं देऊ असं बोलले, तेव्हा कुठे बाजार थोडा सैल झाला. तोवर माझ्या नवतीच्या (नव्या लागवडीच्या) बागेत ज्या आठवड्याला फॉस्फरस जायला हवा होता तो गेला नाही. बुंध्यात ते दिसतं. हात फिरवला की कळतं, खोड भरलेलं नाही. घड पडेल तेव्हा दोन फण्या कमी पडतील, मी आत्ताच सांगतो.

आता दुसरं. आमची केळी आखातात जाते आणि इराणला जाते. इराणशी पूर्वी रुपयात व्यवहार व्हायचा. आपण त्यांचं तेल घ्यायचो, पैसे इथल्या सरकारी बँकेत रुपयात जमा व्हायचे, त्यातून ते बासमती, चहा, केळी घ्यायचे. २०१९ च्या मेमध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे आपण तेल घेणं बंद केलं. तेल बंद, म्हणून रुपये जमा होणं बंद, म्हणून आमचा गिऱ्हाईक आटला. आता तिथे माल जातो तो फिरून फिरून, तिसऱ्याच्या नावावर, आणि पैसा कधी येईल याचा भरवसा नाही. वॉशिंग्टनला कागदावर सही झाली आणि आमच्या तांदलवाडी-निंभोऱ्याच्या केळीचा भाव पडला.

म्हणून तुमचं वाटण्यांचं म्हणणं मला पटलं. खताची किल्ली चीनकडे, पैशाची किल्ली अमेरिकेकडे. आम्ही मधल्या दारात.

धुळे ते डॅलस

नमस्कार. मूळ देवपूरचा, चौदा वर्षं टेक्सासमध्ये आहे. थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका.

अमेरिका उतरणीला लागली असं आपण पटकन म्हणतो. पण १९८० ला जगाच्या एकूण उत्पन्नात अमेरिकेचा वाटा साधारण पाव होता आणि आजही तो साधारण तेवढाच आहे. मग उतरलं कोण? जपान. १९९५ च्या आसपास त्याचा वाटा १७ टक्क्यांच्या वर होता, आता चार टक्क्यांच्या खाली. युरोपही उतरला. चीन चढला तो मुख्यतः त्यांच्या जागेवर. चीन २००१ ला जागतिक व्यापार संघटनेत आला आणि आज जगातल्या कारखानदारीचा साधारण ३० टक्के भाग एकट्या चीनकडे आहे. कारखान्यात अमेरिका मागे पडली हे खरंच आहे. पण तुम्ही हा धागा ज्या फोनवर वाचताय त्याची आतली व्यवस्था अमेरिकी, ज्या चिपवर सगळं चालतं तिची रचना बहुधा अमेरिकी, आणि हुशार पोरं अजूनही इथेच यायला बघतात.

म्हणून माझं मत असं की ताकद फारशी कमी झालेली नाही, इच्छा कमी झाली आहे. भार उचलायचा कंटाळा आलाय. माझे इथले शेजारी चांगली माणसं आहेत. त्यातल्या एकाचा मुलगा अफगाणिस्तानात होता, पाय गमावून आला. ते म्हणतात, वीस वर्षं आम्ही जगाची राखण केली, आमच्या गावातला फर्निचरचा कारखाना चीनला गेला, आम्हाला काय मिळालं? त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जाला एक लाख डॉलर फी लावली. माझ्या भाच्याचं जळगावात शेवटचं वर्ष चालू आहे, त्याला काय सांगावं ते मला सुचत नाही. पण ज्यांनी हे मत दिलं त्यांच्यासोबत मी रोज जेवतो.

अमळनेरकर

डॅलसकर, तुमचं इच्छेबद्दलचं म्हणणं फार मोलाचं आहे. १९३० ला अमेरिकेत ताकद होती, इच्छा नव्हती. तेव्हा उभरता देश भार घेईना. आज जुनाच मालक भार टाकतोय. परिणाम सारखाच होऊ शकतो.

आणि भाच्याला सांगा, आमच्या गावाकडे बघ. १९४५ ला अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याच कंपनीचे, म्हणजे विप्रोचे, शेअर २००० साली न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले. प्रताप मिल या कापड गिरणीची चिमणी मात्र थंड झाली. एकाच गावानं दोन्ही पाहिलं.

भुसावळ जंक्शन

वडील रेल्वेत फायरमन होते, मीही पुढे रेल्वेतच निवृत्त झालो. माझा जन्म १९५८ चा. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी, यायची ती मला आठवते. घरात दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी खाणारी माणसं आम्ही. आईनं मिलोचं पीठ मळलं की ते धरत नसे, थापताना कडा फाटायच्या, भाकरी फुगायची नाही. रंग विटकरी. आजी ताटाला नमस्कार करून खायची, पण डोळ्यांत पाणी असायचं. ती म्हणायची, दुसऱ्याच्या गोठ्यातलं आपल्या ताटात आलं.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की १९६५-६६ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्या-महिन्यानं सोडत होते. आपण व्हिएतनामबद्दल बोललो ते त्यांना आवडलं नव्हतं, आणि शेतीत सुधारणा करा असा त्यांचा दट्ट्याही होता. जहाज बंदराला लागायचं आणि धान्य थेट तोंडात. अन्न देणारा हात कान पिळू शकतो, हे आमच्या पिढीला भाकरीतून कळलं.

पण एक न्यायाची गोष्टही सांगतो. बुटक्या गव्हाचं बी ज्यांनी तयार केलं ते बोरलॉग अमेरिकीच होते. १९६६ ला मेक्सिकोतून १८ हजार टन बी आलं आणि काही वर्षांत जहाजांची वाट बघणं संपलं. ज्या देशानं कान पिळला त्याच देशाच्या माणसानं पायावर उभं केलं. आता चीनकडून खत अडतं तेव्हा मला प्रश्न पडतो, त्यांचा बोरलॉग कोण? शेजारी चढला म्हणून आनंद मानावा असं मला अजून काही दिसलेलं नाही.

वाट शोधतोय (जळगाव)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय, विद्यापीठात अर्थशास्त्र करतो. एक प्रश्न. चीन एवढा मोठा झाला तर युआन डॉलरची जागा का घेत नाही?

तापीकाठ (चोपडा)

पेढीवरच्या भाषेत सांगतो. ज्याच्याकडे पैसे ठेवले त्याच्याकडून मागितल्यावर लगेच परत मिळतात अशी खात्री असेल, तिथेच माणूस ठेवतो. चीन पैसा देशाबाहेर मोकळा जाऊ देत नाही. म्हणून जगाच्या बँकांच्या गंगाजळीत युआन दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. डॉलर २००० च्या सुमारास ७० टक्क्यांच्या वर होता, आता ६० च्या खाली आलाय. तो घसरलेला भाग युआनला कमी आणि लहान-लहान चलनांना जास्त गेला. बरेच देश सोनंही घ्यायला लागलेत. २०२२ ला रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पश्चिमेनं गोठवली, तेव्हापासून प्रत्येक देश मनातल्या मनात विचारतोय, उद्या माझी पाळी आली तर?

इथेही वाटणीच झाली बघ. डॉलर गेला नाही, पण त्याच्यावरचा डोळे झाकून ठेवायचा विश्वास गेला. सराफाच्या दुकानात उभं राहून बघ, दर का चढलाय त्याचं एक कारण हे आहे.

केळीपट्टा (रावेर)

गस्तीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजं मारायला सुरुवात केली. आमचा माल आखातात जातो, तो रस्ता वेगळा. पण युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, फेरीला दिवस जास्त, त्यामुळे रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर वेळेत परत येईनात. पॅकहाऊसवर केळी धुऊन, पुसून, बॉक्समध्ये भरून तयार आणि कंटेनर नाही. केळी थांबत नाही भो. १३ अंशाच्या आसपास ठेवली नाही तर तिचा हिरवा रंग गेलाच.

अमेरिकेनं तिथे मोहीम काढली, तरी जहाजं वळसाच घालत राहिली. आणि तिकडे आमचं नौदल अरबी समुद्रात उतरलं. २०२४ च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकातानं चाच्यांनी पळवलेलं रुएन नावाचं जहाज सोडवलं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी जिवंत सुटले. ते खलाशी आपले नव्हते. बातमी पाहिली तेव्हा आमच्या पॅकहाऊसवर पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मलाही भरून आलं. एक वाटणी आपण घेतली ना! गस्तीची. मानाची नाही, भाराची.

शहाद्याची बाई

मी नववी-दहावीला शिकवते. तुमच्या चर्चेत एक गाव राहून गेलं, सुरत.

धुळे-नंदुरबारच्या प्रत्येक गल्लीतून कुणीतरी उधना-लिंबायतला असतं. दसऱ्या-दिवाळीला गाड्या भरभरून येतात आणि भाऊबीजेनंतर परत जातात. यंदा माझ्या वर्गातल्या तीन मुलांचे वडील परत गेलेले नाहीत. दोघं हिऱ्याच्या घंटीवर (हिरे घासायच्या चाकावर) आहेत. मी विचारलं तर एक जण म्हणाले, शेठ सांगतो महिनाभर थांब, अमेरिकेला जाणारा माल बंद आहे. पैलू पाडलेल्या हिऱ्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं. आता ते वर्गातल्या हजेरीत दिसतं. एक मुलगी सकाळी वेचणीला जाते, अकरानंतर शाळेत येते, बोटांना बोंडाचे ओरखडे असतात.

नववीच्या पुस्तकात शीतयुद्ध आहे, अलिप्ततावाद आहे. मुलं तारखा पाठ करतात. मी परवा फळ्यावर सुरतेचा नकाशा काढला आणि तिथून बाण काढत न्यूयॉर्कपर्यंत नेला. ती मुलगी पहिल्यांदाच हात वर करून म्हणाली, बाई, मग दुसरा गिऱ्हाईक शोधत का नाहीत? मी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. तुमच्यापैकी कुणी देऊ शकेल का?

धुळे ते डॅलस

ताई, त्या मुलीनं विचारलं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गिऱ्हाईक शोधलं जातंय, पण अमेरिकेसारखं गिऱ्हाईक दुसरं नाही. चीन जगाला विकतो, जगाकडून घेतो कमी. अमेरिका कित्येक दशकं सगळ्यांचा माल घेत आली आणि त्यापायी कर्जात गेली. पाटलाचा हाही एक भार होता, सगळ्यांचं धान्य विकत घ्यायचा. चढणाऱ्या देशांपैकी कुणी तो उचलायला तयार झालेला नाही. आपणही नाही, खरं सांगायचं तर. आपलीच आयातशुल्कं किती आहेत ते बघा.

गिरणाकाठ (पाचोरा)

म्हणजे आम्ही पण दुसऱ्याच्या शेतकऱ्याला दार उघडावं? कापसाचं उघडलं तर काय झालं ते मी ताडपत्रीवर बघतोय.

तापीकाठ (चोपडा)

नाही भाऊ, मी तसं म्हणणार नाही. ज्याची सहा एकर आहे त्यानं हजार हेक्टरवाल्याशी एका काट्यावर उभं राहायचं नसतं. पण दार उघडायचं ते वेचणीच्या तोंडावर उघडू नये, एवढं तरी दिल्लीत कुणीतरी आपल्या बाजूनं बसून सांगायला हवं. ब्राझीलच्या शेतकऱ्यांची संघटना त्या खटल्यात वकिलांचा खर्च उचलत होती. आपल्याकडे कापूसवाल्यांची अशी कुठली संघटना आहे जी आकडे घेऊन बसेल? आंदोलनाला आपण येतो, रस्ता अडवतो, आकडे ठेवत नाही. मी या हंगामापासून आमच्या फाटकावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा ओलावा, भाव आणि उतारा वहीत वेगळा लिहायला लागलोय, मालकाच्या परवानगीनं. पाचोरा-भडगावकडून तुम्ही लिहाल का? दोन तालुक्यांचे आकडे झाले तरी कुणापुढे तरी ठेवता येतील.

गिरणाकाठ (पाचोरा)

लिहितो. माझ्या गावाचे तर लगेच. केंद्रावर कुणाची गाडी किती ओलाव्यानं परत गेली तेही लिहू का?

तापीकाठ (चोपडा)

तेच आधी लिहा.

उधना लिंबायत

राम राम भाऊसहोन. मी धुळे तालुकाना, वीस वरीस व्हई ग्यात सुरतमा. पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना समजायला हवं.

बाईंनी लिहिलं ते खरं आहे. मी कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये आहे, हिऱ्यात नाही. आमचा माल बहुतेक देशातच खपतो म्हणून आमचं मशीन चालू आहे. आमच्या शेजारच्या खात्यात लूम सगळे चिनी. मागच्या वर्षी एक पार्ट आला नाही तर चार लूम दीड महिना उभे होते. कारागीर रोज यायचा, चहा प्यायचा, घरी जायचा. माल कुणाला विकतो ते बघतात सगळे, मशीन कुणाचं आहे ते कुणी बघत नाही.

मी गावी होतो, सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. आमच्या गल्लीतले तिघं सोबत येणार होते. एकाला शेठचा फोन आला, अर्ध्या दिवसाचं काम आहे, ये. तो येतोय. दुसऱ्याला मी आमच्याकडे फोल्डिंगला लावून देतो, पगार कमी आहे, पण आहे. तिसरा थांबला. त्याच्या बापानं कापसाची नोंदणी केली आहे आणि नंबर लागायचा आहे. घरी दुसरं कुणी ट्रॅक्टरवर बसायला नाही.

गिरणाकाठ भाऊ, त्याच्या गाडीचा ओलावा पण तुमच्या वहीत धरा. मी त्याला तुमचा धागा पाठवलाय.